हळद शिजायच्या दिवसातला पेपर

सकाळी मळ्याकडनं हळद शिजवल्याचा वास आला आन् माजा हात परातीतच थांबला. ओली माती, वाफ, आन् त्यात कायतरी कडवट, औषधावानी. आमच्या सांगलीकडं ह्यो वास आला की समजायचं, उनाळा दारात आला आन् पोरं परीक्षेला बसली. बाकीच्या बायांना ह्या वासानं लग्नं आठवत्यात. मला कंप्युटर आठवतो. हसायचं त्यांनी हसून घ्या. मी थांबते.

मी तिसरी शिकले. वडूजकडची पोर मी. तिकडं पाऊस कमी, शाळा त्याच्याहून कमी. भावंडं सांबाळायला बानं शाळंतनं काडली आन् सोळाव्या वर्सी लगीन लावून माधवनगरला दिली. मालक मिलमदी हुते. मिल बंद पडली तसं ते मागावर गेले आन् मी कांड्या भरायला. कांडी म्हंजे आडव्या सुताची लाकडी नळी. ती भरायची, मागावरचा गडी ती आडव्या पळनाऱ्या धोट्यात बसवतो, संपली की दुसरी. तीस वर्सं भरल्या. ह्या दोन बोटांच्या पेरावर सुतानं चर पाडलाय, त्यो अजून हाय. सून घरात यायच्या आदल्या वर्सी मालक गेले. रडगानं लावायला मी बसले न्हाई. बोटावरचा चर दाखवला, बास झालं.

सून म्हंजे सारिका. पोरगा विजय फौजेत, वर्सातनं दोनदा येतो आन् मिशा वाढवून जातो. बाकी वर्सभर घरात आमी दोघी आन् शाळंला जानारी नात. आमच्याकडं सासूला आत्या म्हनत्यात, तशी ती मला आत्या म्हनती. लग्नाआधी कराडला इंजनेरीला हुती. शेवटच्या वर्साला सोयरीक जमली. सगळे पेपर निघाले, एक ऱ्हायला. त्याचं नाव काय, ते मला कैक वर्सं म्हाईत न्हवतं. "तो राहिलेला पेपर" येवढंच ती म्हनायची. गेलेल्या पोराचं नाव न घेता बाई बोलती ना, तसं. नऊ वर्सं त्यो पेपर आमच्या घरात आसा बिननावाचा ऱ्हायला.

का ऱ्हायला, ते सांगते. पन जरा दमानं. ते सांगायला तोंड गोळा करावं लागतं.

तीन वर्सांमागं, आसाच हळदीचा वास सुटलेला, आन् कॉलेजचं पत्र आलं. जुन्या पोरांना ही शेवटची संधी. निघाला तर पदवी, न्हाई निघाला तर चार वर्सं शिकलेलं सगळं पान्यात. सारिकानं पत्र माज्यापुढं धरलं. काय इचारलं न्हाई, नुसतं धरलं. विजयला फोन केला तर त्यो म्हनला, आई म्हनंल तसं. मी म्हनले, "बस पेपरला." आन् चुलीत लाकूड सारलं. जसं काय लय रोजचं बोलनं हाय.

त्या दिवसात आमी हळकुंडं निवडायचं काम घरी आनायचो. पोतं ओतायचं, लांब बोटं एकीकडं, गड्डे एकीकडं, किडकी भाईर. हात मनगटापर्यंत पिवळे. सारिका मांडीवर वही ठिवून निवडायची आन् तोंडानं पुटपुटायची. आरती म्हनल्यावानी एका सुरात. पयले दोन दिवस मी आईकून घेतलं. तिसऱ्या दिवशी डोकं उठलं.

"काय म्हनतीस गं?"

"ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग. तो राहिलेला पेपर, आत्या."

"मराठीत सांग."

"मराठीत मलाच येत नाही."

"मंग तुला येतच न्हाई."

तिनं मूठभर हळकुंडं पोत्यावर आदळली. "कॉलेजात सरांनी लिहून दिलेलं. पाठ करा म्हणाले. सगळ्यांनी केलं."

"आन् तू केलंस. आन् ऱ्हायलीस."

"आत्या!"

"खोटं हाय का? मला सांग ते. मला कळंल आसं सांग. मला कळलं तर तुला आलं म्हनायचं."

ती हसली. "तुम्हाला?"

वाईट मनानं म्हनली न्हाई ती. पन त्या एका शब्दावर मी म्हैनाभर ठान मांडून बसले. माज्या जलमात लय जनांनी मला ह्यो शब्द आईकवलाय. तलाठ्यानं, दवाखान्यातल्या बाईनं, मागाच्या मालकानं. तुम्हाला? तुम्हाला काय कळनार? सुनंच्या तोंडातनं आईकायचा न्हवता मला.

पयल्या दिवशी ती म्हनली, क्लास म्हंजे सोऱ्या, आन् ऑब्जेक्ट म्हंजे त्यातनं पडलेली चकली. मी म्हनले, "मगा तर म्हनलीस तुजं ऑब्जेक्ट सांगितलेलं काम करतंय, इचारलं तर उत्तर देतंय. चकली कवा बोलली तुज्यासंगं?" सरांनी सांगितलेलं म्हन तिला. सरांच्या घरी चकली बोलत आसंल.

"माजी शेळी घाल त्यात," मी म्हनले.

माज्या दोन शेळ्या हुत्या, काळी आन् बांडी. विजयनं जुना कंप्युटर घरी ठिवलेला, ती मांडीवर घ्यायची वही असती तसला. त्यो खालनं तापायचा, म्हनून माजी एक जुनी दगडी पाटी हुती, तिच्यावर ठिवायचो. त्या पाटीचंबी सांगायचं हाय. सारिकानं उघडलं, आन् मला एक नवल दाखवलं. मशीनचे हुकमाचे शब्द इंग्रजी, पन नावं आपन मराठीत ठिवली तरी त्ये आईकतंय. तिलाबी त्या दिवशीच कळलं. वर लिवलं, क्लास, आन् पुढं आपल्या अक्षरात, शेळी. मला वाचाय आलं. काचंवर माजी शेळी मला वाचाय आली. मी पदर तोंडाला लावला आन् खोकल्यासारखं केलं.

"आता हिला म्हन, दूध दे."

म्हनलं. मशीन तांबडं झालं, चार वळी इंग्रजीत खवळलं.

"आत्या, अजून शेळी केलीच नाही आपण. हा नुसता आराखडा झाला. शेळी कशी असती, काय करती, एवढंच."

"आराखड्याला धार काडत्यात व्हय! आदी शेळी तरी आन."

तर ती आनायला एक शब्द हाय. न्यू. तीन खटके. ते तीन खटके मी माज्या बोटानं दाबले. एक शोधायचा, दाबायचा, मंग दुसरा शोधायचा. खटक्यावर हळदीचा ठसा उमटला. सारिका पुसायला गेली, मी म्हनले ऱ्हाऊदे, परत सापडायला बरा. काळी केली, बांडी केली. बांडीचं दूध वाडवलं, काळी हुती तशीच ऱ्हायली. दोघी एकाच आराखड्याच्या, पन हिचं हिच्यापाशी आन् तिचं तिच्यापाशी.

ते मात्र मला लगीच कळलं. मागावर एका डिझाईनवर शंबर लुगडी निघायची. सगळी सारखी दिसायची. पन एकाला तेलाचा डाग पडला म्हनून दुसऱ्याला पडत न्हाई. एक बाई लगनात नेसती, एक मयताला. डिझाईनला त्यातलं कायबी म्हाईत नसतंय. मी हे सारिकाला सांगितलं तर ती हातातलं हळकुंड तसंच धरून माज्याकडं बगत बसली. मंग वहीत कायतरी लिवलं. सरांचं न्हाई, माजं.

मंग एक दिवस तिनं आतलं-भाईरचं शिकवलं. म्हंजे ऑब्जेक्टच्या पोटात काय हाय, त्याला भाईरनं कुनी थेट हात लावायचा न्हाई. काय पायजे आसंल तर दारात उभं ऱ्हावून इचारायचं. द्यायचं का न्हाई, ते आतल्यानं ठरवायचं. मी म्हनले, हे कुना शान्या बाईनं काडलं आसंल. सारिका म्हनली, कुणी काढलं माहीत नाही. मला अजून वाटतंय, बाईच आसनार. जिच्या ट्रंकंत कुनीबी कवाबी हात घातलाय, तिलाच हे सुचंल.

आता पाटीचं. नव्यानं लगीन झालेलं, तवा आमच्या गल्लीत मोठ्या बायांसाठी शिकायचा वर्ग निघाला. दुपारचा एक तास. मी चोरून पाटी घेतली आन् ट्रंकंत लुगड्याखाली ठिवली. तिसरीपातुर आलेलं सगळं इसरले हुते, पन हाताला आठवायला लागलं. आट-दहा दिवस गेले आसतील. एक दिवस वर्गातनं आले तर सासूबाई अंगनात. चार बायका बसलेल्या. त्यांच्यापुढं मला म्हनल्या, "पुस्तकानं भाकरी भाजती का गं?" बायका हसल्या. पाटी ट्रंकंत न्हवती. चुलीपाशी गेले तर दुधाच्या पातेल्यावर झाकन म्हनून ठिवलेली. सकाळी मी तिच्यावर माजं नाव लिवलं हुतं, हौसा. खालनं वाफ आली आन् नाव पुसलं. मी दूध उतू जाऊ दिलं न्हाई. येवढंच केलं. त्यापुढं पाटी जलमभर झाकनच ऱ्हायली. सासूबाई गेल्या, पाटी ऱ्हायली. हे मी कुनाला बोलले न्हाई. मालकालाबी न्हाई.

पेपरला पंधरा दिवस उरले तवा सारिका वारशापाशी आली. एका क्लासचं दुसऱ्याला वारशानं मिळतंय. वरच्याला जे येतंय ते खालच्याला न लिवता येतंय. ती म्हनली, शेळी पुरे झाली, आज घरातलं घेऊ. आन् तिनं वर सासू लिवली, खाली सून लिवली, आन् मदी त्यो वारशाचा शब्द घातला. सासूला कामं दिली. चहा करायचा, कुलूप लावायचं, रागवायचं. सुनंला कायच दिलं न्हाई. म्हनली, बघा आता, हिला काही न लिहिता सगळं येतं का नाही. मंग एक सून तयार केली आन् तिला म्हनली, रागाव.

काचंवर वळ उमटली. मी एकेक अक्षर लावून वाचली.

पुस्तकानं भाकरी भाजती का?

माज्या हातातलं सूप कलंडलं. ही वळ हिला कुनी सांगितली? मी तर कुनाला... आन् मंग मला कळलं. कुनी सांगितली न्हवती. मी म्हनले हुते. हिलाच. लगीन हून चार म्हैनं झालेले, हातावरची मेंदी गेलेली पन बांगड्या नव्या, आन् ही माज्यापुढं उभी ऱ्हावून म्हनलेली, आत्या, राहिलेला पेपर परत आहे, कराडला जाऊन येऊ का? मी भाकरी थापत हुते. वर न बगता म्हनले. तोच सूर, तेच शब्द. मला आठवलंबी न्हवतं की हे कुनाचं हाय. माजं म्हनूनच म्हनले.

म्हनून ऱ्हायला त्यो पेपर. झालं सांगून.

सारिका काचंकडं बगत हुती. तिनं मुद्दाम लिवलं का सहज, मी इचारलं न्हाई. सूप सरळ करत मी म्हनले, "हे चुकलंय."

"काय चुकलंय? चाललं की."

"तू माज्या पोटची न्हाईस. तुला माजं सगळं कसं काय आपसूक मिळालं? न लिवता?"

तिनं वही उघडली. पानं उलटली. मंग कपाळावर हात मारून घेतला, हळदीसकट. "आत्या, खरंच चुकलंय. इथं नियम आहे. वारसा लावायचा तर 'सून ही सासू आहे' असं म्हणता आलं पाहिजे. शेळी हे जनावर आहे, तसं. आणि सून काही सासू नाही."

"हुईल की. तीस वर्सांनी हुईल."

दोघीबी हसलो. मंग म्हनले, "पन तवाबी ती तिच्या सुनंची सासू. माजी कशी हुईल?"

ही चूक आमच्याच घरात हुती, आन् आमच्यासारक्या घरात. सून आली की तिला चूल देत्यात, किल्ल्या देत्यात, देवाचं ताट देत्यात, तिचं आडनाव काडून घेत्यात, आन् मंग धरूनच चालत्यात की रागबी आमचाच घेनार, भ्याबी आमचंच बाळगनार. ती वस्तू आमच्याच आराखड्याची हाय म्हनत्यात. सारिकानं पुसून परत लिवलं. वर बाई. बाईखाली सासू निराळी, सून निराळी. सुनंला रागाव म्हनलं तर मशीन तांबडं झालं, म्हनलं हिला आसलं कायबी येत न्हाई. मला त्या मशीनचा तवा लय अबिमान वाटला.

"आन् माजं काय?" मी म्हनले. "मला तर सासूनंच दिलंय. मी सासूच हाय. मला वारसा लागतो का न्हाई?"

"लागतो की. थोरल्या आत्याबाई वर, तुम्ही खाली."

"मंग माज्या तोंडातनं त्यांचंच येनार?"

"रिकामं ठेवलं तर येणार. पण तुम्हाला बदलता येतं. ओव्हरराइड म्हणतात. कामाचं नाव तेच ठेवायचं, आत आपलं लिहायचं. मग हाक तीच मारली तरी उत्तर तुमचं येतं."

"आन् वरचं पुसायचं?"

"नाही पुसता येत. वरचं तसंच राहतं. फक्त तुमच्यापाशी येऊन थांबतं."

रिकामं ठिवलं तर वरचंच बोलतंय. म्हंजे मला वाटत आलेलं, मी गप बसते, मी कुनाच्या अध्यात न्हाई न मध्यात न्हाई, मी सोसलं. पन गप बसनं म्हंजे रिकामं ठिवनं. आन् रिकाम्या जागंत सासूबाई बोलत हुत्या. चाळीस वर्सं.

सारिकानं वर थोरली सासू लिवली, तिच्या रागवायच्या कामात ती भाकरीची वळ ठिवली, खाली माजं नाव लिवून आत मोकळी जागा सोडली. "हे तुम्ही लिहायचं आत्या. मी नाही लिहिणार."

ती जागा बरेच दिवस तशीच ऱ्हायली.

मदीच मालन वन्सं आल्या. आमच्या मालकांची धाकटी भन, पलीकडच्या गल्लीतच दिलेली. त्यांच्या पोराचं लगीन निघालेलं. आमच्यात लग्नाची हळद फोडत्यात. उखळात हळकुंडं घालून पाच सवाशिनी मुसळानं फोडत्यात, आन् पयला घाव मामाच्या घरच्या सवाशिनीचा. मामा म्हंजे आमचे मालक, ते न्हाईत. मी त्यांची बायको, पन माज्या कपाळाला कुकू न्हाई. म्हंजे मान सारिकाचा. मुहूर्त निघाला नेमका पेपरच्या सकाळी.

"मालन वन्सं, त्या दिवशी तिचा पेपर हाय."

"पेपर? ह्या वयात? वैनी, तुमी लय शेफारून ठिवलीया सुनंला. आमच्या आईनं आसं चालू दिलं आसतं का?"

"न्हाई दिलं आसतं."

"मंग!"

त्या गेल्यावर सारिका आतनं भाईर आली. डोळं कोरडं, आवाज कोरडा. "आत्या, राहू दे. मी हळदीला थांबते. नऊ वर्षं राहिलाच आहे तो. नाहीतरी मला काय एवढं येतंय?"

"तुला कुनी इचारलं?"

"माणसं काय म्हणतील?"

"माज्या तोंडावर म्हनतील. तुज्या कानाला तरास न्हाई. शेळी घाल उत्तरात. चकली घालू नगंस."

पेपरच्या दिवशी उजाडायला ती सकाळच्या गाडीनं कराडला गेली. भाकरी मी बांदून दिल्या. नातीची येनी घातली, तिला शाळंत धाडली, आन् धुवट लुगडं नेसून वन्संच्या दारात गेले. मांडव पडलेला. उखळ रांगोळीत ठिवलेलं, मुसळाला आंब्याचा पाला बांदलेला. चार सवाशिनी तयार. वन्सं माज्या मागं बगायला लागल्या.

"सारिका कुठाय?"

"कराडला. पेपर हाय."

"वैनी, मुहूर्त हाय का खेळ? मामाच्या घरचा पयला घाव कोन घालनार?"

"मी."

एक म्हातारी पुढं झाली, नात्यानं माजी जाऊ. "हौसा, शानी हाईस ना तू? कपाळ बग तुजं."

"हळद कपाळानं फोडत न्हाईत, जाऊबाई. हातानं फोडत्यात." मी दोनी हात पुढं केले. मनगटापर्यंत पिवळे, धुवूनबी न गेलेले. "आन् ही हळकुंडं कुनी निवडल्यात? माज्याकडचीच चार मुठी वन्सं परवा घिऊन गेल्या. पोतंच्या पोतं ह्या हातांखालनं गेलं. तवा बाटली न्हाईत, आन् उखळात पडली की बाटत्यात व्हय?"

कुनी पुढं आलं न्हाई, कुनी आडवंबी आलं न्हाई. मी मुसळ उचललं. तीस वर्सं कांड्या भरलेल्या हाताला मुसळ जड न्हाई. पयला घाव घातला. हळकुंड फुटलं, आतनं कसलं केशरी निघालं! दुसरा न्हाई घातला. माज्या घरचा एकच. मुसळ शेजारच्या सवाशिनीच्या हातात दिलं आन् पाठ ताठ ठिवून घरी आले.

घरात कोन न्हवतं. पाटीवर कंप्युटर हुता. सारिकानं मला उघडायचं दाखवलेलं, तसं उघडलं. माजं नाव, आन् खाली ती मोकळी जागा. मराठी अक्षर कुठल्या खटक्यावर हाय, ते तिनं कागदावर काडून ठिवलेलं. कागद एका हातात, दुसऱ्या हाताचं एक बोट. काना एकीकडं, मात्रा एकीकडं. एक अक्षर चुकलं की दोन पुसायची. दुपार कलली. शेळ्या वराडल्या, त्यांनाबी म्हनले, थांबा गं. एक वळ हुती, पन लुगडं विनल्यावानी येळ लागला. मंग चालवायचं बटन दाबलं. पयल्यांदा तांबडं झालं. एक टिंब ऱ्हायलं हुतं. घातलं. परत दाबलं.

तू जा. भाकरी मी भाजते.

उमटली वळ. मशीनला मी इचारलं हुतं तेच, रागाव म्हनूनच. वर सासूबाई जिथं हुत्या तिथंच हुत्या, त्यांचं अक्षरबी कुनी पुसलं न्हवतं. पन हाक माज्यापाशी आली आन् थांबली. त्या पाटीवर, जिच्यावरचं माजं नाव वाफंनं गेलं हुतं.

दिवस मावळायला सारिका आली. चप्पल काडायच्या आदी म्हनली, "शेळी घातली आत्या. इंग्रजीत गोट. दहा मार्कांचा प्रश्न होता." मंग तिची नजर कंप्युटरवर गेली. ती वळ तिनं वाचली. मोरीत गेली आन् लय येळ तोंड धूत बसली. मी पीठ मळायला घेतलं.

निकाल लागला. काठावर सुटली. काठावर का हुईना, पलीकडं पडली म्हना. पेढे वाटले, वन्संच्या दारात मी सोता गेले. त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला न्हाई. वर्सभर माज्यासंगं बोलल्या न्हाईत.

आता सारिका आमच्याच सोप्यात, भाईरच्या खोलीत, शिकवती. गल्लीतल्या पोरी दुपारच्या येत्यात, कॉलेजातल्या, लगीन झालेल्याबी. पयल्या दिवशी ती शेळीच लिवती. पोरी हसत्यात, ती हसू देती. कुनी वारसा चुकीचा लावला की मला हाक मारती, आत्या, जरा सांगा हिला. कंप्युटर जुना झालाय, पन तीन खटक्यांवर पिवळं अजून हाय. ते मी पुसू देत न्हाई.

आज सकाळी परात पुढं घिऊन बसले तवर दारात चपलांचा आवाज झाला. प्राजक्ता. वन्संची सून, जिच्या लग्नाची हळद मी फोडली ती. हिचेबी पेपर ऱ्हायल्यात. सोप्यात गेली, कंप्युटरपुढं बसली. पाच मिंटं झाली न झाली तर मागनं वन्सं. उंबऱ्यात उभ्या, पदर खोचलेला, दम लागलेला. आत सुनंकडं बगितलं, मंग माज्याकडं. आन् म्हनल्या, "काय ओ वैनी, पुस्तकानं भाकरी भाजती का?"

तोच सूर. सासूबाईंचीच लेक ती. प्राजक्ताची बोटं खटक्यांवर तशीच थांबली.

"न्हाई भाजत, वन्सं," मी म्हनले. "पीठ घिऊन या तुमच्याकडचं. दोघी मिळून भाजू."

आत खटके परत वाजायला लागले. वन्सं उंबऱ्यातच उभ्या ऱ्हायल्या. मी परात जरा सरकवली आन् शेजारी पाट टाकला.